साडेसातशे पौंडांचा स्क्रू

विकणाऱ्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या स्कोपकडे, म्हणजे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीकडे, आणि म्हणाला, "हा इटलीत इंडियन आर्मीबरोबर होता." स्कोप नंतर विकला गेला. मी त्या वाक्यालाच विकला गेलो होतो.

लेस्टरपासून गाडीने तासाभरावर एका हॉलमध्ये जुन्या लष्करी सामानाचा बाजार भरतो. बिल्ले, हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या, कोणाच्या तरी आजोबांची मेडलं. मला त्यातल्या बंदुकांचं वगैरे काही वेड नाही. मी मूळचा भोसरीतला टूलरूमवाला, आता इथे मोजमापाच्या यंत्रांवर काम करतो, आणि जुनी भिंगं ही माझी कमजोरी. होकायंत्रं, पाणबुडीतल्या दुर्बिणींचे सुटे प्रिझम, असं काय काय घरात साठलंय. रायफलीवरचा स्कोप मात्र कधी घेतला नव्हता.

पण बायकोचे आजोबा साताऱ्याकडून मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झालेले. इटलीत लढून परत आलेले. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ती ही इटली, १९४४ आणि १९४५ची. आजोबांना काही मिळालं नाही, एक पाय अधू झाला तेवढा. त्यामुळे इटली म्हटलं की आमच्या घरात कान टवकारतात. आणि स्कोपवर बाणाच्या खुणेखाली बारीक 'आय' होता. ब्रिटिश सरकारी मालावर बाण मारत आणि हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्याला 'आय' जोडत, एवढं मला माहीत होतं. नेमकं एवढंच माहीत होतं. साडेसातशे पौंड रोख मोजले. सोबत पत्र्याचा हिरवा डबाही मिळाला. घरी येताना गाडीत दोनदा उघडून पाहिला.

स्कोप होता नंबर ३२, मार्क १ (मार्क म्हणजे आवृत्ती). अंगावर 'ओ. एस. ४६६ ए' हा या मार्कचा सरकारी नंबर, स्कोपचा स्वतःचा नंबर आणि १९४२ साल. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखली होती. पुढे ती ली-एनफिल्ड नंबर ४ रायफलीवर बसवली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री, त्याच घराण्यातली ही रायफल. कारखान्यातून निघालेल्या रायफलींपैकी नेमबाजीत चांगल्या उतरलेल्या वेगळ्या काढायच्या आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवायच्या. तिथे त्यांच्यावर स्कोपची बैठक बसायची आणि नावापुढे 'टी' लागायचा. दुर्बीण तीनपट दाखवते, नऊ अंशांचं दृश्य देते. आजच्या मानाने काहीच नाही. आतलं चित्र मात्र साधं आणि सुरेख: खालून वर आलेला टोकदार खांब आणि त्याला आडवी छेदणारी एक तार. नुसता स्कोप बाळगायला इथे परवाना लागत नाही, लागतो तो रायफलीला. म्हणून तर माझ्यासारखे घेतात.

"आजोबांनी दुर्बिणीच्या बंदुकीचं नाव कधी काढलेलं आठवत नाही मला," बायको म्हणाली. "आणि त्या माणसाला कसं कळलं तू इंडियन आहेस ते?"

"तोंडावरून."

"मग तुझ्या जागी कोणी पोलिश गेला असता तर?"

मी डबा बंद केला.

तरी आठवडाभर मी त्या स्कोपवर खूश होतो. रोज रात्री जेवण झालं की खिडकीतून समोरच्या चर्चच्या घड्याळावर लावायचा. ड्रम, म्हणजे अंतर आणि वाऱ्यासाठी फिरवायच्या चकत्या, फिरवत बसायचा चाळा लागला आणि तिथेच पहिली शंका आली. मार्क १ची खासियत अशी, की अंतराचा ड्रम पन्नास पन्नास यार्डांनी टिकटिकतो. म्हणजे शंभरवरून दोनशेवर जायला दोन टिक. वाऱ्यासाठीच्या बाजूच्या ड्रमची एक टिक म्हणजे कोनाची दोन मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). मार्क २ आणि मार्क ३मध्ये ते एकेक मिनिटावर आलं. माझ्या ड्रमला शंभर ते दोनशेत कधी तीन टिक लागायच्या, कधी चार. म्हटलं, जुनं झालंय, स्प्रिंग गेली असेल. माणसाने पैसे मोजले की तोच त्या वस्तूचा वकील होतो.

ड्रमच्या टोपीवर एक बारीक स्क्रू होता. एका रविवारी तो काढला. का काढला? टूलरूमच्या माणसाच्या हातात स्क्रूड्रायव्हर आणि समोर स्क्रू असेल तर त्याला कारण लागत नाही. अंगठ्याच्या नखावर ठेवून पाहिला आणि पोटात गोळा आला. फार ओळखीचा वाटत होता. असे स्क्रू मी भोसरीत डबेच्या डबे वापरलेत.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो प्रोफाइल प्रोजेक्टरवर लावला. हे यंत्र म्हणजे वस्तूची सावली मोठी करून पडद्यावर पाडणारं साधन. आटे करवतीच्या दातांसारखे समोर उभे राहतात आणि त्यांचा कोन मोजता येतो. त्या काळच्या ब्रिटिश उपकरणांत बारीक स्क्रू बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे असत. बीए आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. सहा नंबरचा बीए घेतला तर व्यास २.८ मिलिमीटर आणि दोन आट्यांतलं अंतर ०.५३. माझ्या स्क्रूचा कोन साठ अंश, अंतर बरोब्बर ०.५०, व्यास तीनला किंचित कमी. म्हणजे सरळसरळ मेट्रिक एम-३. १९४२च्या ब्रिटिश दुर्बिणीत.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, काय मोजतोयस? म्हटलं, माझी अक्कल.

त्यानेच मग एका गृहस्थांचा पत्ता दिला. सैन्यात आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे, म्हणून उमेदीची वर्षं घालवलेले, आता ऐंशीच्या घरातले. मी मनात त्यांना आर्मरर आजोबा म्हणतो, तोंडावर अर्थातच मिस्टर अमुक. त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये मी स्कोप आणि स्क्रू दोन्ही घेऊन गेलो आणि आल्या आल्या प्रोजेक्टरचं सगळं पुराण ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एका स्क्रूने काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "मी स्वतः हरवलेल्या स्क्रूच्या जागी हाताला येईल तो लावलेला आहे. वर्कशॉपमध्ये माणूस रायफल घेऊन उभा असतो, तेव्हा कोणी इतिहास जपत बसत नाही. स्क्रू बदलता येतो. भोकातले आटे बघ."

बीएचा स्क्रू त्यांच्या डबीतून निघाला. भोकात दीड आटा गेला आणि अडकला. माझा मेट्रिक स्क्रू लोण्यात सुरी जावी तसा गेला. मग भिंगाची पुढची कडी सैल करून तिच्या आट्यांना पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी, लावलं. तेही मेट्रिक. आता एखाद्या आर्मररने बदललेला भाग हा नव्हता, अख्खं अंगच दुसऱ्या जमान्यातलं होतं. लोकांचे आटे ढिले असतात, माझे त्या दिवशी चांगले आवळले गेले.

मी उठायच्या बेतात होतो, पण आजोबा रंगात आले होते. त्यांनी कपाटातून स्वतःचा नंबर ३२ काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. पुढचे दोन तास मी जे पाहिलं, ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फोटोवरून कोणाला कळणार नाही असं माझं मत आहे. नकली माल बनवणाराही फोटोवरूनच बनवतो. जे फोटोत येतं ते त्याला बरोब्बर जमतं.

पहिली गोष्ट, अक्षरं. त्यांनी घड्याळजीचं भिंग दिलं. माझ्या स्कोपवरचे आकडे एकसारखे खोल, कडा कोरड्या, तळ किंचित भाजल्यासारखा. हे लेसरचं काम, रोज पाहतो मी. त्यांच्या स्कोपवर दोन तऱ्हा होत्या. ड्रमवरचे आकडे पॅन्टोग्राफने, म्हणजे मोठ्या अक्षरावरून काटा फिरवून बारीक अक्षर कोरणाऱ्या यंत्राने, कोरलेले: फिरत्या कटरची गोल शेवटं, आत पांढरा रंग भरलेला. अंगावरचा नंबर मात्र हाताने, पंच ठोकून मारलेला. पंच ठोकला की धातू कुठे जात नाही, बाजूला सरकतो. त्यामुळे आकड्याच्या कडेला बारीकशी वरंबी उठते, नखाला लागते. आणि त्या नंबरात दोन चौके होते. दोन्ही चौक्यांच्या पायाशी एकाच जागी एकसारखा टवका. पंचाचा कोपरा तुटलेला होता.

मला भोसरीतले आमचे फिटरमामा आठवले. नंबर पंचांच्या सेटमधला त्यांचा आठ गहाळ झालेला, म्हणून ते तीन मारायचे आणि पंच उलटा करून त्याच जागी पुन्हा मारायचे. आमच्या शॉपमधून गेलेल्या प्रत्येक डायवरचा आठ असा पोटात गाठ असलेला. साहेब ओरडायचे. आज कुठल्याही भंगारात तो आठ दिसला तर मी ओळखीन.

दुसरी गोष्ट, काच. आजोबांनी ट्यूबलाइटखाली दोन्ही भिंगं तिरकी धरली. साध्या काचेवर दिव्याचं प्रतिबिंब पांढरं दिसतं. काचेवर चकाकी कमी करणारा एकेरी लेप असेल तर निळसर-जांभळं. हा एकेरी लेप झाइस या जर्मन भिंगांच्या कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ सालीच शोधला होता, म्हणून नुसता लेप दिसला की नकली असं म्हणता येत नाही. पण माझ्या भिंगात हिरवी झाक होती, आजकालच्या चष्म्यात असते तशी. ती अनेक थरांच्या लेपाची. असे लेप बाजारातल्या कॅमेऱ्यांवर आले ते १९७०च्या आगेमागे. शिवाय त्यांच्या भिंगाच्या कडेला पिसासारखी नक्षी उमटली होती. जुन्या जोडभिंगांच्या दोन काचा कॅनडा बाल्समने, म्हणजे एका झाडाच्या डिंकाने चिकटवत. वयोमानाने तो पिवळा पडतो, कडेने सुटतो. ग्राहक अशी काच पाहून नाक मुरडतो, आजोबा मात्र तिच्याकडे नातवाच्या दुधाच्या दातांकडे पाहावं तसे पाहत होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. "आत धूळ बघ," म्हणाले. माझ्या स्कोपमध्ये खांबाच्या आजूबाजूला, मोकळ्या जागेत दोन-तीन कण अधांतरी आणि अगदी स्पष्ट दिसत होते. त्यांच्यात मोकळ्या जागेत काहीच नाही, आडव्या तारेला मात्र एक कुसळ लटकलेलं. कारण सोपं आहे. माझ्यात खांब आणि रेघ पातळ काचेवर छापलेली. काच म्हटली की तिच्यावर कुठेही धूळ बसणार, आणि ती रेघेइतकीच ठळक दिसणार. त्यांच्यात खरोखरची तार, तिच्या भोवती नुसती हवा. हवेवर धूळ बसत नाही. इतकी साधी गोष्ट. मी भिंगांचा शौकीन म्हणवतो आणि आठवडाभर ते कण पाहून मला वाटत होतं, वा, काय जुना माल आहे.

डबा राहिला होता. त्यांनी आतला कॅनव्हासचा पट्टा अंधारात धरला आणि त्यावर अतिनील टॉर्च मारला. हल्लीच्या धाग्यात आणि कपड्याच्या साबणात चमक आणणारी रसायनं असतात, ती या उजेडात निळी-पांढरी पेटतात. त्यांच्या शर्टाची कॉलर भुतासारखी चमकली. पट्टा काळा ठिक्कर राहिला. रंगाचे थर पाहिले, बिजागरी पाहिली, आणि आजोबा हसायला लागले.

"डबा अस्सल आहे. नंबर ८, मार्क १. चांगला आहे."

म्हणजे खऱ्या डब्यात खोटा माल. पेढ्यांच्या दुकानात ओरिजिनल खोक्यात भलतेच पेढे भरून द्यावेत, तसला प्रकार. बनवणाऱ्याचा मात्र मला राग नाही. अशा नकला उघडपणे नकला म्हणून विकल्या जातात, रेंजवर हौशी लोक वापरतात, त्यात गैर काही नाही. त्यावर 'आय' आणि बाण मारून त्याला इटलीला पाठवणारा कोणीतरी मधला. मी पुढच्या बाजारात त्या टेबलावर गेलो. त्याने मला ओळखलं नाही, मग ओळखलं, मग म्हणाला की आमच्याकडे माल पाहून घ्यायचा असतो. पावती नव्हतीच. टेबलावर आणखी एक नंबर ३२ होता. मी सहज वाकून पाहिलं. त्याचा स्वतःचा नंबर तोच, माझ्या स्कोपवरचा, शेवटच्या आकड्यापर्यंत. या वेळी गिऱ्हाईक एक गोरे काका होते आणि स्कोप नॉर्मंडीत होता. मी त्या काकांना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की असाच एक माझ्या घरी आहे, नंबरासकट. ते कॉफी प्यायला निघून गेले.

दुसरा स्कोप घ्यायला मला आठ महिने लागले. या वेळी बाजारात नाही, पटलं नाही तर परत घेईन असं लिहून देणाऱ्या एका वयस्क व्यापाऱ्याकडून. लीड्सच्या कर्शॉ कंपनीचा, 'ए. के. अँड एस.' अशी अक्षरं. मार्क ३. हा मार्क १९४४च्या ऑक्टोबरात मंजूर झाला, त्यामुळे कोणी तुम्हाला १९४२ सालचा मार्क ३ दाखवला तर दुसरं काही पाहायची गरज नाही.

पण स्कोप हातात आला आणि मी पुन्हा गारठलो. 'मार्क ३' या शब्दांवर चक्क आडवी काट. जुना 'ओ. एस. २०३९ ए'ही खोडलेला, खाली नवीन 'एल१ए१' आणि 'ओ. एस. २४२९ जी. ए.' ठोकलेलं. ड्रमवर यार्डांऐवजी मीटर. म्हटलं, ही तर उघड उघड छेडछाड. आजोबांना फोन केला. पलीकडून आवाज आला, "घे. घासाघीस करू नकोस."

झालं असं होतं की ब्रिटिश सैन्याने १९७०मध्ये जुन्या नंबर ४ टी रायफली ७.६२ मिलिमीटरच्या केल्या, त्यांना एल४२ए१ नाव दिलं. गोळी बदलली, तिची वाट बदलली, म्हणून स्कोपचे ड्रमही बदलले. नवे स्कोप बनवण्यापेक्षा पंचवीस वर्षांचे जुनेच दुरुस्त करून घेतले, आणि जुनं नाव खोडून नवं मारलं. सरकारी खात्याचा कारभार, आपल्याकडच्या सात-बाऱ्यासारखा. जुनं नाव पुसत नाहीत, त्याला कंस घालतात. रायफलीच्या दस्त्याच्या मानेवर तिच्या स्कोपचा नंबर ठोकलेला असतो. स्कोप बदलला की तिथेही जुन्या नंबरवर काट आणि शेजारी नवा. माझ्या पोलिश सहकाऱ्याने सांगितलं की त्यांच्याकडे मिळणाऱ्या रशियन मोसिन स्नायपर रायफलींवरही डागडुजीच्या वेळी असेच जुने नंबर खोडलेले असतात, आणि नवखे लोक तेच पाहून पळतात.

खोडलेला स्कोप मी घरी आणला, सगळे आटे तपासले. एक स्क्रू चुकीचा निघाला! बाकी सगळे बीए, तो एकटाच जरा भलत्या डोक्याचा. कोणत्या तरी आर्मररला त्या दिवशी घाई होती. मी तो तसाच ठेवलाय.

पहिल्याचं काय करायचं हा प्रश्न महिनोन्महिने पडून होता. डबा मी आजोबांना दिला, त्यांच्या एका बिनडब्याच्या स्कोपसाठी. नकली स्कोप भाच्याला पाहिजे होता, पक्षी बघायला. देताना मनात आलं, हा उद्या पुन्हा कुठल्या तरी टेबलावर गेला आणि पुन्हा इटली फिरून आला तर? म्हणून आमच्या कारखान्याच्या कोपऱ्यात पडलेल्या जुन्या टेलर-हॉब्सनच्या पॅन्टोग्राफवर त्याला चढवला. ही कंपनी लेस्टरचीच, आणि हा असला पॅन्टोग्राफ मी पहिल्यांदा पाहिला होता तो भोसरीत. मोठ्या अक्षरांच्या पितळी पट्ट्या खाचेत बसवायच्या, त्यांवरून काटा फिरवायचा, पलीकडे कटर बारीक अक्षर कोरतो. पट्ट्या अर्थातच सगळ्या इंग्रजी. मग दोन शनिवार खर्चून ॲक्रिलिकच्या तुकड्यावर देवनागरी कापून घेतली, आणि पुढच्या भिंगावरच्या सरकत्या शेडच्या, म्हणजे उन्हाच्या आडोशाच्या, खाली, जिथे सहज नजर जात नाही पण जाणकार हमखास बघतो, तिथे कोरलं: 'नक्कल'. शिरोरेषा शेवटी किंचित खाली उतरली आहे, आणि 'क्क'मधला पहिला क कटर सरकल्यामुळे जरा दबलाय.